एमएससाठी फिंगोलिमोड चालू असताना नागीण उठली आहे. गोळी थांबवावी का?

प्रश्न (रुग्णाची मोठी बहीण)

माझ्या धाकट्या बहिणीला मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस (यात मेंदू आणि मज्जारज्जूतील मज्जातंतूंचे आवरण खराब होते), आहे. सुरुवातीला तिला इंटरफेरॉनची इंजेक्शने चालू होती, परंतु ती घेत असतानाही अटॅक येत राहिल्यामुळे तिला फिंगोलिमोडच्या रोजच्या गोळीवर आणले आणि तेव्हापासून आजार बराच स्थिर आहे. गेल्या आठवड्याच्या शेवटी तिच्या पाठीच्या उजव्या बाजूपासून छातीखालपर्यंत एका पट्ट्यात आग होऊ लागली आणि पाठोपाठ त्याच जागी पाण्याने भरलेले फोड आले. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी ही नागीण असल्याचे सांगून त्याच दिवशी व्हॅलासायक्लोव्हिर हे विषाणूविरोधी औषध सुरू केले. त्याबरोबरच, प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी संसर्ग पूर्ण जाईपर्यंत बंद ठेवावी, असेही त्यांनी सुचवले. त्यानुसार फिंगोलिमोड परवापासून बंद आहे.

माझी अडचण अशी की ही गोळी एकदम बंद केल्यास एमएस पूर्वीपेक्षा जोराने उसळू शकतो, असे आम्हाला गोळी सुरू करतानाच बजावण्यात आले होते. त्यातच तिला ताप आला असून कालपासून पाय जड वाटत असल्याचे ती सांगते. हा नवा अटॅक समजायचा की तापाचा परिणाम? अटॅक असेल तर नेहमीप्रमाणे स्टिरॉइड द्यावे लागेल, आणि मग नागीण अंगभर पसरेल का? तिच्या मेंदूविकारतज्ज्ञांना निरोप पाठवला आहे, उत्तराची वाट पाहत आहोत. तोपर्यंत कोणत्या गोष्टींवर लक्ष ठेवावे आणि डॉक्टरांना नेमके काय विचारावे, हे जाणकारांनी सांगितल्यास फार मदत होईल.

प्रतिसाद १ (मेंदूविकारतज्ज्ञ)

ताई, आधी पायांच्या जडपणाविषयी लिहितो, कारण तुमच्या प्रश्नात तातडीची गोष्ट तीच आहे. एमएसच्या रुग्णाला ताप आला की जुन्या जखमांच्या जागची लक्षणे पुन्हा डोके वर काढतात. ज्या मज्जातंतूंचे आवरण पूर्वी खराब झाले आहे, त्यांच्यातून जाणारा संदेश शरीराचे तापमान थोडेसे वाढले तरी अडखळतो. याला उथॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञांच्या नावाने ओळखतात. त्यांनी हे निरीक्षण १८९० मध्ये नोंदवले होते. अशा वेळी नवी सूज आलेली नसते आणि ताप उतरला की पाय पूर्वीसारखे होतात. खरा अटॅक ठरवण्यासाठी नवे किंवा वाढलेले लक्षण किमान २४ तास टिकले पाहिजे आणि त्या वेळी ताप किंवा संसर्ग नसला पाहिजे, अशी अट आम्ही पाळतो. त्या कसोटीवर तुमच्या बहिणीच्या जडपणाला आज तरी अटॅक म्हणता येणार नाही.

पण इथेच थांबून चालणार नाही. नागिणीचा विषाणू मज्जातंतूच्या मुळाशी दडलेला असतो आणि तिथून क्वचित तो मज्जारज्जूत शिरतो. छातीच्या पट्ट्यातली नागीण आणि त्याच सुमारास जड झालेले पाय हे दोन्ही एकत्र दिसले, तर निव्वळ ताप म्हणून सोडून देण्यापूर्वी प्रत्यक्ष तपासणी झालीच पाहिजे, आणि ती आज किंवा उद्या व्हावी, पुढच्या आठवड्यात नव्हे. छातीच्या किंवा पोटाच्या एका रेषेखाली संवेदना कमी झाली आहे का, लघवी अडते किंवा नकळत होते का, ताप उतरल्यावरही पायांतली ताकद कमीच राहते का, हे पाहून घ्या. यांपैकी एकही गोष्ट असेल, किंवा तीव्र डोकेदुखी, मान आखडणे, गुंगी किंवा असंबद्ध बोलणे दिसले, तर थेट रुग्णालयात न्या. तिथे एमआरआय आणि पाठीतल्या पाण्याची त्या विषाणूसाठी पीसीआर तपासणी करता येते, आणि शंका बळावली तर अहवालाची वाट न पाहता शिरेतून असायक्लोव्हिर सुरू केले जाते. एमएसचा अटॅक समजून विषाणूविरोधी औषधाच्या आधाराशिवाय मोठ्या मात्रेत स्टिरॉइड देणे, ही या परिस्थितीत सर्वांत जास्त टाळण्याची गोष्ट आहे. मिथाइलप्रेडनिसोलोन १ ग्रॅम रोज याप्रमाणे ३ ते ५ दिवस दिल्याने अटॅकमधून सावरणे लवकर होते, परंतु त्याने दूरगामी अपंगत्व कमी होते असे दिसलेले नाही. त्यामुळे निदान पक्के होईपर्यंत थोडे थांबण्यात रुग्णाचे सहसा नुकसान होत नाही.

आता गोळीविषयी. फिंगोलिमोड लिम्फोसाइट पेशींना, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या एका प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींना, मारत नाही. त्या पेशींना ते लसिका ग्रंथींतून बाहेर पडू देत नाही, त्यामुळे रक्तातली त्यांची संख्या मूळच्या साधारण २० ते ३० टक्क्यांवर येते. हे लक्षात घेतले की गोळी आज थांबवली म्हणून उद्या प्रतिकारशक्ती परत येत नाही, हे समजणे सोपे जाते. औषधाचे अर्धायुष्य, म्हणजे रक्तातले त्याचे प्रमाण निम्मे होण्याचा काळ, ६ ते ९ दिवसांचे आहे, आणि पेशींची संख्या पूर्वपदावर यायला एक ते दोन महिने लागतात. नागीण तर योग्य औषधाने त्याआधीच सुकते. म्हणजे गोळी बंद केल्याचा फायदा उशिरा आणि थोडा मिळतो, पण त्यातला धोका खराच उरतो, कारण फिंगोलिमोड सोडल्यानंतरच्या काही आठवड्यांत किंवा महिन्यांत एमएस पूर्वीपेक्षा तीव्र रूपात उसळल्याची उदाहरणे चांगलीच नोंदली गेली आहेत, आणि अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१८ मध्ये याबद्दल स्वतंत्र इशारा दिला होता. त्यामुळे शरीराच्या एका बाजूला, एकाच पट्ट्यापुरती असलेली आणि गुंतागुंत नसलेली नागीण असेल, तर विषाणूविरोधी औषध पूर्ण मात्रेत देऊन फिंगोलिमोड चालू ठेवण्याकडे माझ्यासह अनेकांचा कल असतो.

हा कल कधी बदलतो, तेही सांगतो. फोड मूळ पट्टा आणि त्याच्या शेजारचे पट्टे ओलांडून अंगावर इतरत्र उठू लागले, डोळ्याच्या भोवती किंवा नाकाच्या शेंड्यावर आले, कानात येऊन चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली, किंवा फुप्फुस, यकृत अथवा मेंदूचा सहभाग दिसला, तर गोळी थांबवावी लागते आणि उपचार रुग्णालयातच करावे लागतात. हे सावधपणाचे बोलणे पोकळ नाही. या औषधाच्या सुरुवातीच्या एका चाचणीत, आजच्या ०.५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त म्हणजे १.२५ मिलिग्रॅम मात्रा घेणाऱ्या दोन रुग्णांचा हर्पिस गटातील विषाणूंच्या संसर्गाने मृत्यू झाला होता. एकाला अंगभर पसरलेला कांजिण्यांच्या (म्हणजे नागिणीच्याच) विषाणूचा संसर्ग होता आणि दुसऱ्याला हर्पिस सिम्प्लेक्समुळे मेंदूज्वर. म्हणूनच सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, लगेच करून घ्या. लिम्फोसाइटची संख्या दर घनमिलिमीटरला २०० च्या खाली असेल, तर नागीण साधी दिसत असली तरी गोळी थांबवण्याचा विचार करावाच लागतो.

तुमच्या फॅमिली डॉक्टरांनी व्हॅलासायक्लोव्हिर त्याच दिवशी सुरू केले, हे उत्तम झाले, कारण फोड आल्यापासून ७२ तासांच्या आत हे औषध सुरू होणे फार महत्त्वाचे असते. गोळी थांबवण्याचा त्यांचा सल्लाही काळजीतूनच आलेला आहे. फक्त औषध थांबवणे हाही एक उपचाराचाच निर्णय आहे आणि त्याचेही दुष्परिणाम असतात, हे लक्षात घेऊन तो निर्णय एमएसचे औषध लिहून देणाऱ्या तज्ज्ञांनी घेतलेला बरा.

प्रतिसाद २ (एमएसची रुग्ण, ओक्रेलिझुमॅबवर)

वरचा प्रतिसाद वाचल्यावर माझा अनुभव लिहावासा वाटला, कारण माझ्या बाबतीत उत्तर जवळजवळ उलट आले होते, आणि दोन्ही उत्तरे आपापल्या जागी बरोबर आहेत असे मला वाटते.

मला दर सहा महिन्यांनी शिरेतून ओक्रेलिझुमॅब दिले जाते. एका खेपेला ठरलेल्या तारखेच्या तोंडावर मला कोविड झाला. तारीख चुकली तर आजार परत येईल या भीतीने मी कासावीस झाले होते, पण माझ्या डॉक्टरांनी निःसंकोचपणे ती पुढे ढकलली. त्यांनी कारण समजावून सांगितले ते असे: हे औषध प्रतिपिंडे तयार करण्यास लागणाऱ्या बी पेशी नष्ट करते, आणि शेवटच्या मात्रेनंतर त्या पेशी पूर्ववत व्हायला साधारण ७२ आठवडे लागतात, त्यामुळे काही आठवडे उशीर झाल्याने संरक्षण लगेच संपत नाही, आणि फिंगोलिमोडसारखी उसळी या औषधात सहसा दिसत नाही. त्याउलट विषाणू शरीरात असताना पुढची मात्रा दिली असती, तर प्रतिपिंडे तयार करण्याची माझी आधीच क्षीण असलेली क्षमता आणखी दबली असती. बी पेशी नसलेल्या लोकांत कोविड लांबल्याची आणि पुन्हा पुन्हा उलटल्याची उदाहरणे त्यांनी पाहिली होती. ताप आणि खोकला पूर्ण गेल्यावर, रक्तातले आयजीजी या प्रतिपिंडाचे प्रमाण पाहून, मग मला औषध दिले गेले.

माझ्याबरोबर त्याच कक्षात येणाऱ्या एका रुग्णाला सुरुवातीच्या तपासणीत हिपॅटायटिस बी पूर्वी होऊन गेल्याचे आढळले होते. तो विषाणू शांत होता, तरीही या गटातील औषधांनी तो पुन्हा जागा होऊन यकृत निकामी होऊ शकते, म्हणून त्याला यकृततज्ज्ञांकडे पाठवून आधी विषाणूविरोधी गोळी सुरू केली आणि मगच ओक्रेलिझुमॅब दिले. एमएसचे औषध बंद झाल्यावरही ती गोळी किमान वर्षभर चालू ठेवायची आहे, असे त्याला सांगितले आहे. विषाणू सक्रिय असता तर हे औषध त्याला देताच आले नसते. तेव्हा 'संसर्गात औषध थांबवावे का' या प्रश्नाला एकच उत्तर नाही. विषाणू कोणता आणि औषध कोणते, ही जोडी पाहूनच उत्तर बदलते. ताई, तुमच्या बहिणीला लवकर आराम पडो.

मूळ प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

आपण दोघांनी इतक्या तपशिलाने लिहिलेत, मनापासून आभार. वाचल्यावर आम्ही त्याच दिवशी बहिणीला तपासून घेतले. तिथल्या डॉक्टरांनी पायांची ताकद, प्रतिक्षिप्त क्रिया आणि पोटावरची संवेदना तपासली. पूर्वीच्या नोंदींच्या तुलनेत नवे काही आढळले नाही, लघवीचा त्रास नाही, आणि ताप उतरल्यावर जडपणा बराच कमी झाला आहे. फोड त्याच पट्ट्यात आहेत, नवीन येणे थांबले आहे. लिम्फोसाइट ४१० आले. तिच्या मेंदूविकारतज्ज्ञांचेही उत्तर आले असून गोळी पुन्हा सुरू करा आणि विषाणूविरोधी औषध पूर्ण करा, असे त्यांनी कळवले आहे.

दोन शंका उरल्या आहेत. तिला चेहऱ्यात कळा येतात म्हणून कार्बामाझेपिन, पाय आखडतात म्हणून बॅक्लोफेन आणि चालणे सुधारावे म्हणून फॅम्प्रिडिन चालू आहे. या सगळ्यांबरोबर व्हॅलासायक्लोव्हिर चालेल का? आणि फिंगोलिमोडची पहिली गोळी घेतली तेव्हा तिला सहा तास ईसीजीच्या देखरेखीखाली ठेवले होते, तसे आता पुन्हा करावे लागेल का?

प्रतिसाद ३ (रुग्णालयातील औषधनिर्माता)

पहिल्या शंकेविषयी लिहितो. व्हॅलासायक्लोव्हिरचा या तीन औषधांशी थेट संघर्ष नाही, परंतु मूत्रपिंडामार्फत अप्रत्यक्ष संबंध आहे आणि तो दुर्लक्षिला जाऊ नये. हे औषध लघवीवाटे बाहेर पडते. रुग्णाला ताप असेल, पाणी कमी प्यायले जात असेल आणि त्यात आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्यांची भर पडली असेल, तर मूत्रपिंडाचे काम मंदावू शकते. ते मंदावले की बॅक्लोफेन शरीरात साठून गुंगी आणि गोंधळलेपण येते, आणि फॅम्प्रिडिन साठले तर फिट येण्याचा धोका वाढतो. मूत्रपिंडाचे काम मध्यम प्रमाणात जरी कमी झालेले असले तरी फॅम्प्रिडिन देऊच नये, असा नियम आहे. म्हणून क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाची रक्ततपासणी) तपासून घ्या, पाणी भरपूर पाजा, तापासाठी पॅरासिटामॉल वापरा. नागिणीच्या वेदनेसाठी पुढे कुणी गाबापेन्टिन किंवा प्रीगाबालिन सुचवले, तर त्यांचीही मात्रा मूत्रपिंडाच्या स्थितीवर ठरते आणि बॅक्लोफेनबरोबर त्यांनी झोप वाढते, हे डॉक्टरांच्या कानावर घाला. बॅक्लोफेन मात्र आपल्या मनाने एकाएकी बंद करू नका; त्यानेही फिट किंवा भ्रम होऊ शकतो.

कार्बामाझेपिनविषयी दोन गोष्टी. ते यकृतातील, औषधांचे विघटन करणाऱ्या विकरांना (एन्झाइम) चेतवते आणि त्यामुळे फिंगोलिमोडची रक्तातली पातळी घटू शकते. ही बाब तिच्या मेंदूविकारतज्ज्ञांना माहीत आहे का, एवढे एकदा विचारून घ्या. दुसरी गोष्ट आजच्या नागिणीशी संबंधित नाही, पण तिच्या औषधांच्या यादीवर आजच लिहून ठेवण्यासारखी आहे. पुढे कधी कोविड झाला आणि निर्माट्रेल्विर व रिटोनाविर ही जोडगोळी देण्याचा विचार झाला, तर कार्बामाझेपिन घेणाऱ्या रुग्णाला ती देता येत नाही, कारण विषाणूविरोधी औषधाची पातळी इतकी खाली जाते की त्याचा उपयोगच उरत नाही. दोन-चार दिवस कार्बामाझेपिन थांबवूनही हे टळत नाही, कारण विकरांवरचा परिणाम नंतरही काही काळ राहतो. ज्यांना फिंगोलिमोडच्या कुळातले सिपोनिमोड चालू असते, त्यांच्यात रिटोनाविरमुळे उलट सिपोनिमोडची पातळी वाढण्याची शक्यता असते. कोविडच्या गोळ्या लक्षणे सुरू झाल्यापासून पाच दिवसांत सुरू कराव्या लागतात आणि त्या घाईत ही तपासणी राहून जाते.

प्रतिसाद ४ (मेंदूविकारतज्ज्ञ, पहिल्या प्रतिसादाचे लेखक)

तपासणी लगेच झाली आणि अहवाल समाधानकारक आहे, हे वाचून बरे वाटले. ४१० हा आकडा पाहून घाबरू नका. या औषधावर असताना तो अपेक्षितच आहे.

देखरेखीच्या प्रश्नाचे उत्तर खंड किती पडला यावर अवलंबून आहे. गोळी सुरू होऊन महिना उलटून गेलेला असेल आणि खंड दोन आठवड्यांपेक्षा कमी असेल, तर नेहमीची मात्रा घरीच पुन्हा सुरू करता येते. त्याहून जास्त खंड पडला तर हृदयाची गती पहिल्या गोळीसारखीच मंदावू शकते, म्हणून सहा तासांची देखरेख पुन्हा करावी लागते. तुमच्या बहिणीचा खंड लहान आहे, त्यामुळे तशी गरज दिसत नाही. तरीही तिला हृदयाचा काही त्रास असेल किंवा हृदयगती कमी करणारे औषध चालू असेल, तर तिच्या डॉक्टरांना विचारूनच गोळी घ्या. व्हॅलासायक्लोव्हिरचा नेहमीचा क्रम ७ दिवसांचा असतो, पण अशा रुग्णांत सगळ्या फोडांवर खपली येईपर्यंत ते चालू ठेवण्याचा निर्णय डॉक्टर घेऊ शकतात. खपली येईपर्यंत फोड झाकलेले ठेवा, आणि ज्यांना कांजिण्या झालेल्या नाहीत व लसही मिळालेली नाही अशा गरोदर स्त्रिया आणि तान्ही मुले यांच्यापासून तिला दूर ठेवा.

वरच्या ताईंनी विषाणू आणि औषध यांची जोडी पाहावी असे लिहिले आहे, त्याला एक महत्त्वाची भर घालतो, कारण इथे इतर रुग्णही वाचत असतील. मी नागिणीत गोळी चालू ठेवण्याच्या बाजूने लिहिले, ते जेसी विषाणूला मुळीच लागू नाही. नॅटालिझुमॅब या एमएसच्या औषधावर, आणि क्वचित फिंगोलिमोड किंवा डायमिथाइल फ्युमरेटवर असताना हा विषाणू मेंदूत सक्रिय होऊन पीएमएल नावाचा गंभीर आजार होतो. नॅटालिझुमॅब २००४ च्या अखेरीस बाजारात आले आणि याच आजारामुळे २००५ च्या सुरुवातीला मागे घ्यावे लागले होते. २००६ मध्ये ते कडक अटींसह परत आले. या विषाणूवर सिद्ध झालेले औषध नाही, म्हणून प्रतिकारपेशींना मेंदूत परत येऊ देणे हाच उपचार ठरतो. त्यामुळे नुसती शंका आली तरी एमएसचे औषध ताबडतोब थांबवतात, मग आजार उसळण्याचा धोका पत्करावा लागला तरी चालेल. काही आठवड्यांत हळूहळू वाढत जाणारे वागण्यातले बदल, बोलण्यातली अडचण, दृष्टीचा एखादा भाग जाणे किंवा एका बाजूची वाढती अशक्तता ही त्याची लक्षणे आहेत, आणि ती एमएसच्या अटॅकसारखी वाटत असली तरी अटॅकपेक्षा संथपणे वाढतात. क्लॅड्रिबिन आणि अलेम्टुझुमॅब यांची गोष्ट आणखी वेगळी आहे. ती औषधे एकदा दिली की थांबवण्यासारखे काही उरत नाही, फक्त पुढचा टप्पा लांबवता येतो, म्हणून कोणताही सक्रिय संसर्ग त्यांच्या आधीच शोधून मिटवावा लागतो. इंटरफेरॉन आणि ग्लाटिरामर घेणाऱ्यांना मात्र साध्या सर्दी-तापात इंजेक्शन बंद करण्याचे सहसा कारण नसते.

शेवटचे, लसीविषयी. नागिणीची जी लस विषाणूच्या एका प्रथिनापासून बनवतात, तिच्यात जिवंत विषाणू नसतो, त्यामुळे फिंगोलिमोड चालू असतानाही ती देता येते, जरी तिचा परिणाम काहीसा कमी होण्याची शक्यता असली तरी. ती नागीण पूर्ण बरी झाल्यावर दोन मात्रांत घ्यायची असते, आणि प्रतिकारशक्ती दबलेल्या रुग्णांत दुसरी मात्रा एक ते दोन महिन्यांनी देता येते. जिवंत विषाणूच्या लसी फिंगोलिमोड चालू असताना आणि बंद केल्यावर दोन महिने टाळायच्या आहेत. पुढच्या भेटीला जाताना सीबीसी, यकृताची तपासणी आणि क्रिएटिनिन यांचे ताजे अहवाल घेऊन जा, आणि लसीचा विषय त्याच वेळी काढा.